गुडघ्यांना जागा

मिरचीचा भरलेला टेम्पो पुढून गेला की मी सायकल रस्त्याच्या कडेला घेते आणि आधी मनसोक्त शिंकून घेते. हिरव्या मिरचीला वास नसतो असं म्हणणाऱ्यांनी कधी अशा टेम्पोच्या मागून सायकल चालवलेली नाही. ओल्या बारदानात दबलेल्या मिरचीचा तो कच्चा, तिखट वास नाकातून थेट डोक्यात जातो, डोळे भरून येतात आणि समोर राजूरचा फाटा असला तरी मला पिंपळगाव रेणुकाईचा बाजार दिसायला लागतो. परवा मी अशीच शिंकत उभी होते, एक पाय जमिनीवर आणि एक पायडलवर. टपरीवरचे एक ओळखीचे गृहस्थ चहाचा कप हातात धरून म्हणाले, "मॅडम, आता स्कुटी घ्या ना. शोभून दिसंल." शोभून दिसणं हे बाईच्या वाहनाचं मुख्य काम असतं, हे मला अजून पटलेलं नाही. मी विचारलं, "सायकल शोभत न्हाई का?" ते म्हणाले, "शोभती. पण तुमी गुडघे लई बाहेर टाकून चालवता." मी त्यांना नमस्कार केला, गुडघे आणखी बोटभर बाहेर टाकले आणि माझ्या शाळेकडे निघाले. शिकवायला उशीर होत होता.

मिरचीचा हंगाम म्हटला की लोकांना लाल रंग आठवतो. आमचा हंगाम हिरवा होता. धावड्याकडून पिंपळगावला येणाऱ्या रस्त्यावर आमची शेतातली वस्ती. आषाढ-श्रावणात वाफ्यांवर अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर पाणी साचलेलं असायचं, झाडं कमरेएवढी झालेली, आणि पानं बाजूला सारली की आत मिरच्यांचे झुबके. शाळेच्या आधी एक ओळ तोडायची, हा घरातला नियम. ओल्या पानांनी बाह्या भिजायच्या. देठ मोडताना येणारा बारीक आवाज, ओळीच्या दुसऱ्या टोकाला आईचं खोकणं, आणि वर ढगांमागून येणारा, कुणाचीच सावली न पाडणारा उजेड. बोटं आधी नुसती गरम होतात. पेटतात ती नंतर, शाळेत, इतिहासाच्या तासाला. त्या दिवसांत डोळ्यात काही गेलं तरी आम्ही मुली डोळा चोळायचो नाही, ओढणीच्या टोकानं टिपायचो. आजही माझा हात डोळ्याकडे जाता जाता थांबतो.

त्या वर्षी मी दहावीत होते आणि मामानं मला सायकल दिली होती. लेडीज, वाकड्या दांडीची, पुढं टोपली, चेनकव्हरवर सोनेरी फुलं. वस्तीवरून पिंपळगावच्या शाळेत जायला तोवर मी कुणाच्या तरी दयेवर असायचे. कधी दुधाची गाडी, कधी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सायकल, कधी नुसते पाय. सायकल आली आणि मी माझ्या वेळेची मालकीण झाले. ही चैन ज्यांना जन्मतः मिळते त्यांना तिची किंमत कळत नाही, असं मला तेव्हा वाटायचं आणि आताही वाटतं.

पण मुलगी सायकल चालवायला लागली की आमच्याकडे तिचं चालवणं कोणी पाहत नाही. गुडघे पाहतात. गुडघे एकमेकांना जवळजवळ घासत वर-खाली झाले, तर पोरगी घरंदाज. बाहेर गेले, तर वळण नाही. हा कायदा कुणी केला ठाऊक नाही, पण आमच्या वस्तीवर तो राबवायचं काम थोरल्या काकूकडे होतं. ही अण्णांच्या मोठ्या भावाची बायको. सकाळी ती ओट्यावर दाताला मिश्री लावत बसलेली असायची. मी सायकल अंगणातून काढली की तिच्या तोंडून एकच शब्द यायचा.

"वैशे, गुडघे."

मी गुडघे आत घ्यायची. रस्त्याच्या वळणापर्यंत आतच ठेवायची.

आता माझी अंगकाठी. आईच्या माहेरच्या सगळ्या बायका कमरेत रुंद आणि चालताना पाऊल जरा बाहेर टाकणाऱ्या. मीही तशीच. शाळेत मला 'फेंगडी' म्हणायचे, आणि म्हणणारे माझ्याहून सरळ चालत होते असंही नाही. त्या सायकलची पायडलं एकमेकांच्या फार जवळ होती. कमर रुंद, पावलं अरुंद जागी, आणि वरून गुडघे आत. मग पाय सरळ खाली जातच नाही, तिरका दाबला जातो. टाच सारखी क्रँकला, म्हणजे पायडल ज्या लोखंडी दांडीला बसतं तिला, घासायची. थोड्याच दिवसांत उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ यायला लागली. चढावर ती कळ मांडीपर्यंत चढायची. मिरची तोडताना उकिडवं बसलं की उठवत नसे.

घरात उपचार सुरू झाले. आईनं हळदीचा लेप लावला. अण्णांनी गावातून कसली तरी पट्टी आणली. एका संध्याकाळी काकूनं सूत्रं हातात घेतली आणि कोमट तेलानं माझा गुडघा रगडला. दिवसभर मिरची तोडलेल्या हातांनी. हात धुतले होते तिनं, पण मिरची अशी धुऊन जात नाही, हे आमच्या वस्तीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माझ्या गुडघ्यावर कुणी निखारा ठेवल्यासारखं झालं. मी किंचाळले. काकू शांतपणे म्हणाली, "आग होऊन राह्यली म्हंजी वात निघून राह्यला. बस गपचीप." मी ताक ओतलं, शेण लिंपलं, माठाला गुडघा टेकवून बसले. दुसऱ्या दिवशी गुडघा टोमॅटोसारखा लाल होता, आणि दुखायचा तो दुखतच होता.

आज आठवून हसू येतं, पण हसून झाल्यावर राग येतो. घरात इतकी माणसं, सगळी मायेची, आणि सगळी माझा गुडघा दुरुस्त करायला बसलेली. सायकलीकडे एकानंही पाहिलं नाही. सायकल कारखान्यातून आली म्हणजे ती बरोबर, आणि पोरगी आईच्या पोटातून आली म्हणजे तिच्यातच काहीतरी खोट. पुढं आयुष्यात मला हे पुन्हा पुन्हा भेटलं. खुर्ची उंच असली की मी बुटकी ठरते. वर्गातला फळा उंच असला की मुलांना सांगतात, टाचा वर करा. माझ्या वर्गातला फळा मी खाली घेतला आहे. शिपाईमामांनी विचारलं, "पण मॅडम, फळा हितंच असतो ना?" मी म्हटलं, "होता."

राजूरच्या शाळेत जायला ही नवी सायकल घेताना हीच गंमत झाली. जालन्याच्या दुकानातले शेठ, कित्येक पिढ्यांपूर्वी राजस्थानातून येऊन इथलेच झालेले, मोठ्या आदबीनं म्हणाले, "ताई, लेडीज लोकांना पायडल जवळच बराबर पडतात. कंपनीनं विचार करूनच बनवलंय." मी विचारलं, "कंपनीनं माझी कंबर कधी पाहिली?" शेठ हसले. मग मोबाइलवर शोधून मीच मागवला तो सुटा भाग, पायडल आणि क्रँक यांच्या मध्ये बसणारा, बोटभर लांबीचा लोखंडी तुकडा. पुडक्यातून तो हातात पडला तेव्हा मी अंगणात तशीच बसून राहिले. ज्याच्यासाठी आम्ही दोघींनी त्या पावसाळ्यात हात काळे केले, बाजारात फजिती करून घेतली, ते आता छान पाकिटात घालून विकतात. म्हणजे गुडघे बाहेर जाणारी मी जगात एकटी नव्हते. हे मला दहावीत कुणी सांगितलं असतं, तर फार बरं झालं असतं.

दोघी म्हणजे मी आणि शाहीन. शाहीन माझ्या बाकावरची. तिचे अब्बा पिंपळगावचे, शेताशेतांतून मिरची गोळा करून बाजारात आणणारे. सगळे त्यांना चाचा म्हणत. एकदा मधल्या सुट्टीत शाहीननं माझी चप्पल उचलून पाहिली. "ये देख गे," ती म्हणाली, "बाहेरून पूरी घिसली. आतून नवी." मग आम्ही सायकलीकडे गेलो. पायडलच्या रबराचंही तेच. आतली बाजू कोरी, बाहेरचं टोक गुळगुळीत. म्हणजे माझा पाय बिचारा केव्हापासून बाहेर जायला धडपडत होता आणि मी रोज त्याला आत ओढत होते. गुडघ्याचं दुखणं तिथं लिहून ठेवल्यासारखं दिसलं. मला एकदम हलकं वाटलं. माझ्यात खोट नव्हती, जागा कमी होती.

शाहीननं घरून पाना आणला. पायडल काढून मध्ये वायसर, म्हणजे लोखंडी चकत्या, घालायचे, म्हणजे ते तेवढंच बाहेर येईल, असा आमचा बेत. उजवं पायडल निघालं. डावं निघेना. आम्ही दोघी पान्याला लोंबकळलो. शेवटी शाहीनच्याच लक्षात आलं. "थांब, थांब. अब्बा बोलते, बायीं का उल्टा खुलता. कसून राह्यली तू त्याला." डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते उलटं फिरवल्यावर निमूटपणे निघालं. एक वायसर घातला, फरक कळेना. म्हणून आणखी घातले. मग आणखी. त्यानंतरचे काही दिवस काय सांगू. टाच घासत नव्हती, गुडघा सरळ वर, सरळ खाली. चढावर मी उभी न राहता चढले. ओल्या रस्त्यावर चाकाचा आवाज, दोन्ही बाजूंना मक्याची हिरवी भिंत, आणि अंगात कुठंही दुखत नाही. वस्तीच्या वळणापलीकडे मी मोठ्यानं पाढे म्हणत सायकल हाणायची. आनंद झाला की मला पाढेच सुचतात.

आमची चूक अशी की वायसर फार झाले. पायडलचा आस आटे सोडून जेमतेम टोकावर अडकला होता. एका संध्याकाळी, ऐन बाजाराच्या वेळी, टेम्पोंच्या आणि मिरचीच्या ढिगांच्या मधल्या वाटेवर डावं पायडल निखळलं. मी सायकलीसकट एका ढिगात. पायडल गडगडत एका टेम्पोखाली गेलं. हमाल हसले, ढीगवाला ओरडला, आणि तोलकाट्याजवळ अण्णा उभे होते. त्यांनी मला उठवलं, मिरच्या झटकल्या आणि टेम्पोखालचं पायडल काढून टोपलीत टाकलं.

याचा निकाल घरी गेल्यावर कळला. काकू म्हणाली, "गुडघे फाकवून चालवल्यावर दुसरं काय व्हणार. बाजारात तमाशा झाला." अण्णा जमिनीकडे पाहत म्हणाले, "उद्यापासून सायकल ऱ्हाऊ दे. मंग्या सोडीत जाईल गाडीवर." मंगेश म्हणजे काकूचा मुलगा. त्याच्याकडे मोटारसायकल होती आणि तो वाईट नव्हता. पण मला उषाताई माहीत होती, मंगेशची बहीण. तिलाही तोच सोडायचा. मग एक दिवस त्याला काम निघालं. मग मिरचीच्या दिवसांत रोजच काम निघायला लागलं. उषाताईची शाळा कुणी बंद केली नाही. तिला सोडायला कुणी नव्हतं, एवढंच. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. माझी सायकल गेली तर माझी शाळा जाणार, हे मला बाजारातल्या त्या ढिगातच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत चालत गेले आणि सुटल्यावर शाहीनच्या घरी. अंगणात माझी मोडकी सायकल होती, बाजारातून तिथंच आणून ठेवलेली, आणि शेजारी चाचांची सायकल उभी होती. ती मी हजारदा पाहिली असेल, पण त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. दांडीखालच्या त्रिकोणात ते मिरचीची गोणी ठेवायचे. गोणी मध्ये आली की गुडघे बाहेर टाकावेच लागतात. म्हणून त्यांनी पायडलच्या सळया लांब घातल्या होत्या आणि बाहेरच्या टोकांना जुन्या पायडलच्या रबराचे तुकडे ओवून नट आवळले होते. पायडल तेवढंच बाहेर रुंद. रोज बाजारभर हिंडत होते, गुडघे दोन्हीकडे पंखांसारखे. कुणी त्यांना वळण नाही म्हटलं नव्हतं.

मी म्हटलं, "चाचा, मला अशी पायडलं करायचीत."

चाचा गोंधळले. "बेटा, वो तो बोरी के वास्ते हैं."

"मंग मलाबी बोरीच समजा."

शाहीन फिस्सकन हसली. चाचांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग दाढी खाजवत आत गेले आणि सळया, नट आणि जुनी रबरं भरलेला डबा आणून आमच्या पुढ्यात ठेवला. "जो करना है करो. अण्णांनी विचारलं तर माझं नाव न्हाई सांगायचं."

क्रँकचे बाहेरचे आटे गेले होते, पण आतले शाबूत होते. वायसर काढून पायडल पूर्ण आत कसलं की घट्ट बसत होतं. बाकी सगळं पायडलवरच करायचं. आधी मी रागानं मोठाले तुकडे ओवले. फेरी मारली तर गुडघ्याची आतली बाजू ओढायला लागली. रुंदीलाही माप असतं. एकेक तुकडा कापत, फेरी मारत, पुन्हा कापत, अंगणातल्या कोंबड्यांना वैतागून सोडत आम्ही ते माप शोधलं. सापडलं तेव्हा वेगळं काही जाणवलं नाही. नुसतं दुखणं थांबलं, आणि पाय आहेत हे विसरायला झालं.

रविवारी सकाळी अण्णा बाजाराला मिरची न्यायला निघाले. त्यांच्या सायकलच्या त्रिकोणात एक गोणी, मागं एक. मी माझी सायकल अंगणात काढली आणि छोटी गोणी कॅरिअरला बांधली.

"मी येते बाजारापर्यंत. पायडल निघालं तर सायकल मंग्याला देऊन टाका. न्हाई निघालं तर मी सायकलवरच शाळंत जाईन."

काकू ओट्यावरून म्हणाली, "गोणी घेऊन? लोक काय म्हणतील?"

"कालपर्यंत काय म्हणत व्हते?" मी म्हटलं. "अण्णा, तुमचे गुडघे बाहेर जातेत, गोणी हाय म्हणून. मिरचीला जागा देता तुमी. मला द्यायला काय हरकत हाय?"

अण्णांनी मान वर केली. त्यांनी माझ्या पायडलकडे पाहिलं, ओवलेल्या तुकड्यांकडे पाहिलं. मग स्वतःच्या सायकलीवर टांग टाकून म्हणाले, "चल पुढं."

मी पुढं, ते मागं. खड्डे चुकवले नाहीत, मुद्दाम त्यांतून नेली. ओल्या गोणीचं पाणी मागं ठिबकत होतं. चढ आला तेव्हा गुडघ्याची भीती होती आणि पायडलची त्याहून जास्त. दोन्ही टिकले. बाजारात शिरताना मी गुडघे होते तसेच ठेवले. ज्या हमालांनी हसून घेतलं होतं त्यांच्या समोरून गेले, ज्या ढिगात पडले होते त्याच्या शेजारून गेले, आणि तोलकाट्याजवळ सायकल स्टँडवर लावली. अण्णा आले. घाम पुसत त्यांनी एवढंच विचारलं, "गुडघा दुखला का?"

"न्हाई."

"बराबर," ते म्हणाले आणि माझी गोणी सोडायला लागले. मंग्याचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

त्या सायकलीवर मी दहावी केली, मग बारावी. पुढचं शिक्षण एसटीनं. यंदा ही नवी सायकल घेतली तेव्हा तो सुटा भाग बसवायच्या आधी मी शाहीनला फोन लावला. ती आता जालन्यात असते, दोन पोरांची आई. फोन उचलताच म्हणाली, "बायीं का उल्टा घुमाना. याद है ना?" मी म्हटलं, "तेवढ्यासाठीच फोन केला गे."

आणि गेल्या रविवारी मी पहाटे राजूरहून निघाले ती थेट वस्तीवर गेले, सायकलवर. वाटेत शिंकत शिंकत. काकू अंगणात बाजेवर होती. तिचे गुडघे आता पूर्ण गेलेत. पाय पसरून, दूर दूर ठेवूनच बसता येतं, जवळ आणले की जीव जातो. आयुष्यभर उकिडवं बसून मिरची तोडली आणि चारचौघांत गुडघे आवळून बसली, याचं दुखणं कुणाला दाखवणार. तिनं माझी सायकल पाहिली, पायडलचा तुकडा बोटानं चाचपला. "अजून ते खूळ हायेच का," म्हणाली. मी म्हटलं, "हाये." आम्ही मिरचीच्या भावाचं बोललो, उषाताईच्या मुलीचं बोललो, ती अकरावीत आहे.

मी निघायला सायकलीवर बसले तेवढ्यात अण्णांकडे कुणी पाहुणे आले, धोतर-टोपीतले. त्यांना पाहताच काकूनं दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे धरले आणि एकमेकांजवळ ओढले. तोंड वेदनेनं वाकडं झालं, पण ओढले. आणि त्याच दमात माझ्याकडे पाहून, सवयीनं, "वैशे, गुडघे."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी सायकल परत स्टँडवर लावली. ओट्यावरची उशी उचलली, बाजेजवळ गेले, पाहुण्यांच्या देखत काकूचे गुडघे हळूच बाजूला केले आणि मध्ये उशी ठेवली.

"गुडघे, काकू," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे. लुगडं नीट केलं. मी सायकल काढली, अंगणातून बाहेर घेतली आणि रस्त्याला लागेपर्यंत वळून वळून पाहिलं. पाहुण्यांना चहा आला होता. काकू पाय पसरून बसली होती. उशी तिनं काढली नव्हती.